घंटा वाजली तेव्हा तो थांबला नव्हता

वाचकाचं पत्र, थोडक्यात: गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या एका 51 वर्षांच्या वाचकाने लिहिलं आहे. त्यांचा बालमित्र 2024 च्या नोव्हेंबरात आजारपणात गेला. दोघं एकाच वाड्यावरचे. चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत आणि पुढे हायस्कूलला एकाच बाकावर. मित्र ख्रिस्ती, पत्रलेखक हिंदू. मित्र शाळेतला सगळ्यात चांगला धावपटू, पण त्याची खरी ओळख त्याच्या श्रद्धेची. सराव चालू असताना चर्चची आमोरीची, म्हणजे प्रार्थनेची, घंटा वाजली की तो असेल तिथे थांबायचा, प्रार्थना पुरी करायचा आणि मगच पुढचं पाऊल टाकायचा. आता वर्गमित्र त्याच्या नावाने स्मरणिका काढत आहेत, शाळेत फिरता चषक ठेवत आहेत, आणि स्मरणिकेत लेख लिहायचं आणि वर्षाच्या मिसेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, दोन शब्द बोलायचं काम पत्रलेखकावर आलं आहे. अडचण इथेच आहे. 1989 च्या तालुका स्पर्धेत 1500 मीटरच्या शेवटच्या फेरीत दुपारची घंटा वाजली, तेव्हा तो थांबला, प्रार्थना केली आणि तरीही पहिला आला, अशी गोष्ट बॅचमध्ये पक्की झाली आहे. चषकावरही तीच कोरायची आहे. पत्रलेखक त्या शर्यतीत दुसरे आले होते. मित्र थांबला नव्हता, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. परतीच्या बसमध्ये मित्राने ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं: "हांवें घांट आयकली रे. आयकून धांवलों." (मी घंटा ऐकली रे. ऐकूनही धावलो.) हे वाक्य त्यांनी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. ते विचारतात: "खरं सांगितलं तर त्याची श्रद्धा खोटी ठरेल, वर लोक म्हणतील, दुसरा आलेला अजून जळतोय. गप्प राहिलो तर देवळासारख्या जागी उभं राहून खोटं बोलल्यासारखं होईल. काय करू?"

नमस्कार,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही वाटलं की तुम्ही म्हणता तसे दोनच रस्ते आहेत, बोलणं किंवा गिळणं. दुसऱ्यांदा वाचताना मी तुमच्या ता. क. वर अडकले. पत्र संपल्यावर, सहीच्या खाली, तुम्ही जाता जाता लिहिलं आहे की 2015 च्या स्नेहमेळाव्यात कुणीतरी ही गोष्ट मित्राच्या समोरच सांगितली, तेव्हा तो हसून म्हणाला, "तशें कांय जाल्लें ना." तसं काही झालं नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केवढा विनय, म्हणाले.

अहो, तो विनय नव्हता. तो खरं सांगत होता.

तुम्ही 36 वर्षं एक गुपित सांभाळत आहात असं तुम्हाला वाटतं. पण त्यातला अर्धा भाग गुपित राहिलेलाच नाही. ज्याची गोष्ट, त्याने ती भर सभेत नाकारली. ऐकणाऱ्यांना ते ऐकायचं नव्हतं, इतकंच. तेव्हा 'मी त्याचं बिंग फोडतोय' ही भावना आधी खाली ठेवा. तुम्ही बोललात तर त्याचं न ऐकलं गेलेलं वाक्य पुन्हा एकदा, जरा मोठ्याने म्हणाल. मित्राने मित्रासाठी एवढं करायला हरकत नसावी.

आता तुमची पहिली भीती. तो थांबला नाही म्हणजे त्याची श्रद्धा कमी पडली, असं तुम्ही धरून चालला आहात. मला ते तपासून पाहावंसं वाटतं.

आमोरीची घंटा सकाळी, दुपारी बाराला आणि दिवेलागणीला वाजते. तीन ठोके, मध्ये थोडी शांतता, पुन्हा तीन, पुन्हा तीन, आणि मग सलग नाद. देवदूताने मारियेला दिलेल्या निरोपाची ती आठवण. प्रार्थना म्हणायला मिनिटभर पुरतं. गोव्यात आपण ख्रिस्ती नसलो तरी या घंटेवर वाढलो. ती वाजली की खेळ आवरून घरी, हा आमच्याही आईचा नियम होता. पण रविवारच्या मिसेसारखी ही सक्तीची गोष्ट नव्हे. ती भक्तीची रीत आहे, चुकली म्हणून कुणी पाप धरत नाही. म्हणजे त्या दुपारी त्याने चर्चचा कुठलाही नियम मोडला नव्हता. मोडलं असेल तर त्याने स्वतःशी ठरवलेलं काहीतरी. आणि ते ठरवलेलं होतं पंधरा वर्षांच्या पोराने.

त्या क्षणी तुम्ही त्याच्या मागे होतात. मैदानाची एक फेरी 300 मीटरची होती असं तुम्ही लिहिता, म्हणजे पाच फेऱ्या. पाचव्या फेरीत छाती भात्यासारखी चालते, कानात स्वतःच्याच श्वासाचा आवाज असतो, बाहेरचे लोक ओरडतात ते पाण्याखालून आल्यासारखं वाटतं. हे मी तुम्हाला सांगायला नको. मग मला एवढंच सांगा, तुम्हाला घंटा ऐकू आली होती का? पत्रात तुम्ही लिहिता की ती वाजल्याचं तुम्हाला बसमध्ये त्याच्याकडून कळलं. तुम्हाला ती ऐकूच आली नव्हती. मैदानावरच्या निम्म्या लोकांना आली नसेल. त्याला आली. पाय भरून आलेले, तुम्ही पाठीवर, रेषा समोर, आणि तरी त्याच्या कानाने ती घंटा टिपली. ज्याची श्रद्धा पोकळ असते त्याला घंटा ऐकू येत नाही, आणि बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसावंही लागत नाही. तुम्ही ज्या वाक्याने त्याची श्रद्धा खोटी ठरेल म्हणून घाबरता, ते वाक्य मला तिचा सगळ्यात सच्चा पुरावा वाटतं.

आणि हिशेबही बघा. 300 मीटरची फेरी शाळकरी मुलं त्या वेगाने 55-60 सेकंदांत काढतात. प्रार्थनेला मिनिट. तो पूर्ण थांबला असता तर तुम्ही जवळजवळ एक फेरी पुढे गेला असता. थांबून पहिला येणं कुणालाच शक्य नव्हतं. धावलेल्या माणसाला हे लगेच कळतं. चषकावर ती ओळ कोरली तर उद्या तुमच्याच शाळेतला एखादा हुशार पोरगा बोटांवर हिशेब करील आणि म्हणेल, ही थाप आहे. मग त्या थापेखाली तुमच्या मित्राचं नाव असेल.

श्रद्धा आणि धावणं म्हटलं की एरिक लिडेल या स्कॉटिश धावपटूची आठवण निघतेच. तुमच्या वर्गमित्रांपैकी कुणीतरी स्मरणिकेत त्याचा दाखला द्यायचं सुचवलं आहे असं तुम्ही लिहिता. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या म्हणून तो त्या धावला नाही. 400 मीटर धावला आणि 47.6 सेकंदांत सुवर्णपदक घेतलं. ही गोष्ट सांगताना लोक तिला रंग चढवतात. ऐन वेळी, जहाजावर चढताना त्याला वेळापत्रक कळलं आणि त्याने क्षणात निर्णय घेतला, असं सांगतात. प्रत्यक्षात वेळापत्रक कित्येक महिने आधी कळलेलं होतं. लिडेलने शांतपणे नकार कळवला आणि 400 मीटरची तयारी करत राहिला. महिनोन्‌महिने लोक समजावत असताना नकारावर टिकणं, हे मला त्या क्षणभराच्या नाट्यापेक्षा कितीतरी अवघड वाटतं. रंग चढवणाऱ्यांनी त्याचं मोठेपण कमीच केलं.

पण मला तुम्हाला सांगायचं आहे ते पुढचं. लिडेल नंतर चीनमध्ये मिशनरी झाला, युद्धात जपान्यांच्या नजरकैदेत सापडला, आणि छावणीतच 21 फेब्रुवारी 1945 रोजी मेंदूतल्या गाठीने गेला. त्या छावणीत तो मुलांचे खेळ घ्यायचा, पण रविवारी नाही. एका रविवारी मुलांनी आपणच हॉकी खेळायला काढली, पंच नव्हता, मारामारी झाली. पुढच्या रविवारी लिडेल स्वतः मैदानात पंच म्हणून उभा राहिला. ऑलिंपिकच्या पदकासाठी न मोडलेला नियम त्याने भांडणाऱ्या पोरांसाठी बाजूला ठेवला. छावणीतून जिवंत परतलेल्या लोकांनी ही आठवण जपून ठेवली, लपवली नाही. त्या रविवारमुळे तो मला पॅरिसमधल्यापेक्षा जास्त जवळचा वाटतो. तुमच्या मित्राची गोष्ट वेगळी आहे, मला कळतं. तो मुलांसाठी नाही, जिंकण्यासाठी धावत राहिला. पण श्रद्धा असलेल्या माणसाची आठवण ठेवताना त्याच्या आयुष्यातला 'न थांबलेला' दिवस गाळलाच पाहिजे, हे आपण कुठून आणलं? ज्या धर्मात तो वाढला तो स्वतःच सांगतो की सेंट पीटरने कोंबडा आरवायच्या आत तीनदा आपल्या गुरूला ओळखत नाही म्हटलं, आणि मग तो रडला. दरवर्षी पवित्र आठवड्यात हे चर्चमध्ये मोठ्याने वाचतात. आपल्याकडच्या संतांनीही स्वतःचे दोष अभंगांत घालून ठेवले. लपवाछपवी भक्तांनी केली, संतांनी नाही.

थोडं माझ्याबद्दल. माझी थोरली बहीण गेली तेव्हा बाराव्याला आलेला प्रत्येक जण म्हणत होता, "किती सोसलं बाईने, कधी आवाज चढवला नाही." मी मान हलवत राहिले. माझी बहीण आवाज चढवायची. अन्याय दिसला की घर डोक्यावर घ्यायची. सासरी पहिल्याच वर्षी तिने धाकट्या जावेची बाजू घेऊन जे ऐकवलं होतं ते गावभर झालं होतं. पण त्या दिवशी मला वाटलं, चार माणसं चांगलं बोलताहेत, कशाला मध्ये पडा. दोन वर्षांत असं झालं की तिची आठवण काढायला बसले तरी ती सोसणारी बाईच समोर यायची. तिचा तो चढा आवाज मला आठवेना. तो परत मिळवायला मला तिच्या त्या जावेकडे जाऊन बसावं लागलं. आम्ही दोघी दुपारभर बोललो, तेव्हा कुठे ती परत आली. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, दंतकथा चांगली आहे म्हणून तिला जागा करून देऊ नका. ती खऱ्या माणसाच्या जागेवर बसते.

आता दुसरी भीती, जळण्याची.

इथे मी तुम्हाला जरा टोचणार आहे, रागावू नका. लोक काय म्हणतील ते नंतर. तुम्हाला स्वतःला काय वाटतं? तुमच्या आत तो पंधरा वर्षांचा मुलगा अजून उभा आहे का, ज्याला वाटतं की घंटा वाजली तेव्हा हा नेहमीसारखा थांबला असता तर आज पहिला नंबर माझा होता? असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. चार वर्षं रोज ज्याच्या मागे धावलो, तो एकदा तरी हरावा असं मनात येणं म्हणजे वैर नव्हे. पण तो मुलगा आत आहे की नाही हे बोलायला उभं राहण्याआधी पाहून घ्या. असला तर त्याला लपवू नका. लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा: "त्या शर्यतीत मी दुसरा आलो." एवढं लिहिलंत की कुणाच्याही हातात काडी उरत नाही. गाळलंत तर मात्र वाचणारा बरोबर तेच हुडकून काढेल.

दोन गोष्टींत फरक करा, आणि हा फरक असल्या पेचात सापडलेल्या प्रत्येकाने करावा असं मला वाटतं. शर्यतीत तो थांबला नव्हता, ही शेकडो लोकांसमोर घडलेली गोष्ट आहे आणि त्याने स्वतः सभेत सांगितलेली आहे. ती सांगायला तुम्हाला कुणाची परवानगी नको. पण बसमधलं वाक्य वेगळं. ते त्याने एकट्या तुम्हाला दिलं. गेलेल्या माणसाने विश्वासाने सांगितलेलं, त्याच्या घरच्यांना आधी सांगितल्याशिवाय चारचौघांत आणू नये. घरच्यांनी ते पहिल्यांदा स्मरणिकेत छापलेलं वाचलं, किंवा मिसेला माइकवरून ऐकलं, तर त्यांना वाटेल की आपल्या माणसाचा एक कोपरा परक्याच्या हातात होता. बरोबर आहे ते वाटणं.

तेव्हा त्याच्या पत्नीला भेटा. फोनवर नको, आणि ग्रुपवर तर अजिबात नको. रविवारची मीस झाल्यावर घरी जा. स्मरणिकेचं काम घेऊन जाऊ नका, आठवण घेऊन जा. शर्यत कशी झाली, तुम्ही कुठे होतात, बसमध्ये तो काय म्हणाला, सगळं सांगा. मला वाटतं, तिला यातलं बरंच ठाऊक असेल. तुम्हीच लिहिलं आहे की पुढे आयुष्यभर तो घंटेला थांबत राहिला, स्कूटरवर असला तरी कडेला घेऊन पाय टेकायचा. तीस-पस्तीस वर्षं असं करणाऱ्या नवऱ्याला बायकोने कधीच विचारलं नसेल, हे मला पटत नाही. पण ती नको म्हणाली तर विषय तिथे संपला. मग बसमधलं वाक्य तुमच्यापाशीच राहू द्या, आणि त्याचं ओझं मानू नका. न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. खोटी ओळ स्वतःच्या तोंडाने म्हणायची नाही, इतकं पाळलंत तर पुरे.

त्याच्या आईबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, की ती माऊली ही गोष्ट आल्यागेल्याला सांगते. तिला दुरुस्त करायला जाऊ नका. ऐंशी पार केलेल्या, मुलाला मूठमाती दिलेल्या आईशी हिशेब मांडायचा नसतो. ती सांगेल तेव्हा ऐका आणि मग तुमच्याकडची दुसरी, खरी गोष्ट तिला द्या. पहाटे तो तुमच्या घरी येऊन पेज प्यायचा ती. तुमची आई त्याच्याकडे मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला वाहायला तेल द्यायची आणि तो न सांडता म्हापशापर्यंत न्यायचा, ती. शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण बहिणी, हे आपल्या आयांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. त्याच्या आईला हे ऐकायला आवडेल. तिच्या एका गोष्टीच्या शेजारी चार गोष्टी झाल्या की त्या एकीवरचा भार आपोआप कमी होतो.

तुम्हाला आणखी एक संकोच आहे, की हिंदू माणसाने त्याच्या श्रद्धेबद्दल चर्चमध्ये काय बोलावं. तुम्ही सिद्धांतावर बोलायचंच नाही. चार वर्षं तो प्रार्थना करत असताना तुम्ही बाजूला उभे राहिलात, घाम थंड होऊ नये म्हणून जागच्या जागी पाय हलवत. त्याचे ओठ कसे हलायचे, क्रूस कसा काढायचा, डोळे उघडल्यावर पहिलं काय म्हणायचा, हे फादरनाही माहीत नाही. ते सांगा. आणि ज्या वर्षी जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं शवप्रदर्शन होतं, 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025, तिथे स्वयंसेवक म्हणून उभं राहायचं त्याने ठरवलं होतं आणि त्याआधीच तो गेला, आणि 3 डिसेंबरच्या त्याच संताच्या फेस्ताला त्याच्याऐवजी तुम्ही पहाटे चालत जुन्या गोव्याला गेलात, हेही सांगा. तुम्ही पत्रात ते एका ओळीत उडवून लावलं आहे. मला ती ओळ वाचून थांबावं लागलं.

रीतीचं थोडं. आधी फादरना भेटून वेळ विचारून घ्या. असं बोलणं बहुधा कम्युनियननंतर, म्हणजे भाविकांनी पवित्र प्रसाद घेतल्यावर, शेवटच्या आशीर्वादाच्या आधी असतं, आणि तीन-चार मिनिटांपलीकडे जाऊ नये. कम्युनियन सुरू असताना रांगेत उभं राहू नका, जागेवर शांत बसलं तरी कुणाला वावगं वाटत नाही. बोला कोंकणीत. त्याच्याशी तुम्ही कोंकणीतच बोलत होतात, आणि मीसही कोंकणीत असेल. स्मरणिकेतला लेख मराठीत लिहा, कारण बाराखडी तुम्ही दोघांनी एकाच पाटीवर गिरवली. लिहिलेलं कागदावर घेऊन जा. आवाज फुटणार आहे, तेव्हा कागदाचा आधार लागतो. मिसेत बसमधलं वाक्य घरच्यांनी हो म्हटलं तरी मी म्हणेन नको, ते लेखासाठी ठेवा. ऐकताना एखादा शब्द निसटला तर अर्थाचा अनर्थ होतो. वाचताना माणूस मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो.

चषकाची ओळ मात्र लगेच थांबवा. कोरलं गेलं की कुणी बदलत नाही. ग्रुपवर संदेश टाकलात तर शंभर मतं येतील आणि त्यातली दोन-चार दुखावणारी असतील. जो हे काम बघतोय त्या एकालाच फोन करा, 2015 ची आठवण द्या, आणि पर्याय हातात ठेवा. माणूस 'हे नको' याला विरोध करतो, 'हे घे' याला सहसा करत नाही. उदाहरणार्थ असं चालेल: "सरावात घंटा वाजली की तो थांबायचा. आम्ही त्याच्यासाठी थांबायचो." यात एक शब्द खोटा नाही, आणि यात तुम्ही सगळे आहात.

चषकाबद्दल माझं मत विचारलेलं नाही, तरी सांगते. फिरता चषक पाच वर्षांत कपाटात जातो, पितळ काळं पडतं, मुख्याध्यापक बदलले की किल्ली सापडत नाही. त्याच पैशातून दरवर्षी लांब पल्ल्याच्या एका मुलाला आणि एका मुलीला धावायचे बूट द्या, आणि बांबोळीच्या सिंथेटिक ट्रॅकवर सरावाला जायचं बसभाडं. 2023 मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आपल्या राज्यात झाल्या, मैदानं उभी राहिली, पण वाड्यावरच्या पोराला तिथवर पोचवणारं कुणीतरी लागतं. तुम्ही दोघं एकाच बुटांच्या जोडीवर आळीपाळीने धावलात असं तुम्ही लिहिलंय. मग हे तुम्हाला पटेल.

अशा तऱ्हेचं पत्र घेऊन बसलेले आणखीही वाचक असतील, कारण हल्ली शाळेच्या बॅचचे ग्रुप झाले आहेत आणि पन्नाशी आली की त्यावर पहिली मृत्यूची बातमी पडते. त्यांना मी म्हणेन, आठवण लिहायची तर महिन्याभरात स्वतःसाठी एकदा लिहून काढा, छापायची घाई करू नका. आजारपणाचे तपशील घरच्यांचे असतात, ते घालू नका. 'सगळ्यांना मदत करायचा' असं लिहायचा मोह झाला की थांबून विचारा, कुणाला, कधी, काय? उत्तर आठवलं तर ते लिहा, नाही आठवलं तर वाक्य काढून टाका. आणि ज्याच्याशी त्याचं भांडण झालं होतं त्या मित्रालाही एक फोन करा. बहुतेक वेळा सगळ्यात जिवंत आठवण त्याच्याकडे असते.

तुमच्याकडे परत येते. बसमध्ये तो बोलल्यावर तुम्ही काय म्हणालात, हे पत्रात नाही. मी ते वाक्य शोधत दोनदा मागे गेले. कदाचित तुम्ही काहीच म्हणाला नसाल, पंधरा वर्षांच्या मुलाला अशा वेळी काय सुचणार. पण तो तुम्हालाच का बोलला, याचा विचार करा. फादर होते, आई होती, पीटीचे सर होते. ज्याला त्याने हरवलं, त्यालाच सांगितलं. माझा अंदाज असा, की त्याला वाटलं असेल ही घंटा त्याची एकट्याची नव्हती, रोज शेजारी उभा राहणाऱ्या तुमचीही होती. चुकीचा असेल अंदाज. तुम्ही त्याला ओळखत होतात, मी नाही.

लेख लिहून झाला की पाठवा, मला वाचायला आवडेल. आणि एक राहिलं. त्याची त्या दिवसाची वेळ तुम्ही सेकंदासकट दिली आहे, 4 मिनिटं 41 सेकंद. स्वतःची दिलेली नाही. तुम्हाला आठवत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. लेखात दोन्ही घाला.